१५ ऑगस्ट रविवारी आला की झेंडा कुठे लावायचा? ख्रिस्ती श्रद्धा आणि राष्ट्रवाद

नवीपेठकर

१५ ऑगस्ट २०२७ रविवारी येतोय. झेंडावंदन आणि मुख्य उपासना एकाच सकाळी. अशा वर्षी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीपुढे ठरलेले चार प्रश्न येतात: झेंडा चर्चच्या आत की आवारात, राष्ट्रगीत कधी, उपदेश कशावर, आणि प्रार्थनेत देशाबद्दल काय म्हणायचं. वेळ हाताशी आहे तोवर बोलून घेऊ.

प्रश्न झेंड्यापुरता असता तर धागा काढला नसता. मोबाईलवर अमेरिकन उपदेश येतात, त्यात 'देवाने निवडलेलं राष्ट्र', 'देश पुन्हा ख्रिस्ताचा करा' अशी भाषा असते. ऐकणारा इथला माणूस नकळत अमेरिकेच्या जागी भारत घालून 'आमेन' म्हणून मोकळा होतो. दुसरीकडे 'तुमचा धर्म परका' हे टोमणे आहेतच. त्यामुळे उपासनेलाच देशभक्तीचा दाखला करून टाकायची ओढ लागते. माझ्या मते दोन्ही ठिकाणी चूक एकच होते: मंडळीचं 'आपण' आणि देशाचं 'आपण' एक धरलं जातं.

कायदा, इतिहास, शास्त्र, ज्याला जे नीट माहीत आहे त्याने ते लिहावं. कोणत्या चर्चमध्ये कोण कोणाशी भांडलं, ते मात्र इथे नको.

वकीलबुवा

आधी झेंड्याचं बघू, कारण हौसेपोटी होणाऱ्या चुका इथेच जास्त. आधार दोन: राष्ट्रीय सन्मानाचा अवमान प्रतिबंध कायदा १९७१ आणि भारतीय ध्वज संहिता २००२.

व्यासपीठावर झेंडा काठीवर लावायचा तर लोकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या वक्त्याच्या उजव्या हाताला. म्हणजे बाकांवर बसलेल्यांच्या डावीकडे. काठी नसेल तर वक्त्याच्या मागे, त्याच्यापेक्षा उंच, भिंतीवर सपाट. आडवा लावला तर केशरी पट्टा वर. उभा लावला तर बघणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी.

झेंड्याने टेबल झाकता येत नाही. त्यामुळे उपदेशपीठावर किंवा प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीच्या) मेजावर तिरंगा अंथरणं कायद्यातच बसत नाही, श्रद्धेचा प्रश्न त्यानंतरचा. झेंड्यावर काहीही लिहायचं नाही, वचनसुद्धा नाही. दुसरा कोणताही झेंडा त्याच्यापेक्षा उंच किंवा त्याच्या शेजारी बरोबरीने लावायचा नाही. मंडळीचा स्वतःचा झेंडा असेल तर हे लक्षात ठेवा. ध्वजस्तंभावर किंवा त्याच्या टोकाला फुलं, हार, चिन्ह यातलं काहीच ठेवता येत नाही. टोकाला क्रूस बसवलेला खांब असेल तर त्यावर तिरंगा चढवू नका. फडकवण्याआधी घडीत पाकळ्या ठेवायला मात्र परवानगी आहे.

अंत्यविधीचंही याच्याशी जोडलेलं आहे. शवपेटीवर तिरंगा फक्त शासकीय, लष्करी किंवा केंद्रीय निमलष्करी दलाच्या इतमामातच घालता येतो, आणि पेटी कबरेत उतरवण्याआधी तो काढून घ्यावा लागतो. झेंडा मातीत जात नाही. सरकारनेच हे ठरवलं आहे की माणसासोबत झेंडा कबरेच्या काठापर्यंतच येईल.

वेळेचं: राज्य शासनाच्या दरवर्षीच्या परिपत्रकाप्रमाणे १५ ऑगस्टला सकाळी ८:३५ ते ९:३५ या वेळात संस्थांनी स्वतःचं ध्वजारोहण ठेवायचं नसतं, मुख्य शासकीय समारंभाला लोकांना जाता यावं म्हणून. आपलं त्याआधी किंवा त्यानंतर.

कंदील

शास्त्राच्या बाजूने. ज्या वचनांवर ही सरमिसळ उभी राहते ती मोजकीच आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी गडबड एकाच जागी होते.

२ इतिहास ७:१४. 'माझ्या लोकांनी दीन होऊन प्रार्थना केली तर मी त्यांचा देश बरा करीन', या आशयाचं. संदर्भ शलमोनाने मंदिर अर्पण केल्यानंतरच्या रात्रीचा, करार इस्राएलाशी. 'माझे लोक' या शब्दांच्या जागी अमेरिका, भारत, झांबिया काहीही घातलं की वाक्य चालतं, म्हणूनच ते इतकं वापरलं जातं. नव्या करारात 'देवाचे लोक' हे शब्द कोणत्या देशाला लागतात? एकाही नाही. १ पेत्र २:९-१० मध्ये ते विखुरलेल्या मंडळीला लावले आहेत, आणि त्याच पत्रात तिला 'प्रवासी व परदेशवासी' म्हटलं आहे.

स्तोत्र ३३:१२, 'ज्या राष्ट्राचा देव परमेश्वर आहे ते धन्य'. पोस्टरवर फार दिसतं. चार ओळी खाली १६-१७ वाचा: मोठ्या सैन्याने राजा वाचत नाही, घोडा तारण्यास निरुपयोगी. ही वचनं पोस्टरवर कधी येत नाहीत.

रोमकरांस १३. अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, कर द्या, मान द्या. त्यात 'पूजा करा' नाही. आणि पौलाने हे लिहिलं तेव्हा गादीवर रोमन सम्राट नीरो होता, म्हणजे 'आपला माणूस सत्तेत आहे म्हणून आज्ञा पाळा' असा अर्थ काढायला जागाच नाही.

आता सरमिसळ करणारे टाळतात ते वचन: आमोस ९:७. मी इस्राएलाला मिसरातून आणलं तसं पलिष्ट्यांना कफतोराहून आणि अराम्यांना कीराहून आणलं नाही काय, असं देव विचारतो. निवडलेल्या राष्ट्राला त्याच्याच संदेष्ट्याने सांगितलं की शेजाऱ्यांच्या इतिहासातही देवाचा हात आहे. पलिष्टी म्हणजे पिढीजात शत्रू, हे विसरू नका.

आणि नाण्याचं वचन. 'कैसराचे (रोमन सम्राटाचे) ते कैसराला' एवढंच पाठ असतं. येशूने आधी नाणं मागवून विचारलं, ही प्रतिमा कोणाची? नाण्यावर कैसराची प्रतिमा म्हणून नाणं कैसराला. मग देवाची प्रतिमा कशावर? उत्पत्ती १:२७, माणसावर. कैसर कर मागू शकतो, अख्खा माणूस नाही.

शेंगाचटणी

सगळं मान्य, पण जरा जमिनीवर या. सोलापुरात ख्रिस्ती किती, त्यांच्या हातात सत्ता किती? मूठभर लोकांनी कसला आलाय 'ख्रिस्ती राष्ट्रवाद'? हा अमेरिकेचा ताप आहे, आपण इथे गोळी का घ्यायची?

दुपारची शिफ्ट

शेंगाचटणी, आपल्याकडे ती सरमिसळ होऊन गेलेली आहे. तेव्हा राष्ट्र दुसऱ्याचं होतं एवढंच.

ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१३ च्या सनदी कायद्याने कलकत्त्याला अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चचा, बिशप आणि त्याच्या हाताखाली तीन आर्चडीकन नेमायची सोय झाली, पगार हिंदुस्थानच्या महसुलातून. पुढे सरकारात त्याचं वेगळं खातंच होतं. सारा भरणारा शेतकरी कोणत्याही धर्माचा असो, बिशपच्या पगारात त्याचा पैसा होता. हिंदुस्थानातलं अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळं झालं १ मार्च १९३० ला, १९२७ च्या कायद्यानुसार. एकशे सतरा वर्षं. 'साहेबाचा धर्म' हा शिक्का कुणी हवेतून काढलेला नाही.

आता सोलापूरचं पंचांग शेजारी ठेवा. ६ एप्रिल १९३० ला नगरपालिकेवर तिरंगा चढला. ८ मे ला गोळीबार, १२ मे पासून मार्शल लॉ, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना फाशी. त्या काळात अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातल्या सकाळच्या उपासनेत राजासाठी नेमलेली प्रार्थना होती: त्याने आपल्या सर्व शत्रूंवर जय मिळवावा. १९३० च्या मे महिन्यात सम्राटाचे शत्रू कोण होते? पुस्तक तेच, शब्द तेच, आणि म्हणणाऱ्याला कळायच्या आत त्याचा अर्थ सोलापूरच्या गिरणी कामगारावर येऊन पडलेला.

कुणी म्हणेल, सोलापुरात काम अमेरिकन मराठी मिशनचं, ते अँग्लिकन नव्हेत. बरोबर. पण पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशेतर मिशनऱ्यांकडून सरकार लेखी हमी घेत असे: राजकारणापासून दूर राहू आणि आपलं वजन सरकारशी निष्ठेने सहकार्य करण्यात वापरू. म्हणजे 'तटस्थ राहू' आणि 'तुमच्या बाजूने राहू' एकाच कागदावर. १९३० मध्येच मदुरा (मदुराई) भागातले अमेरिकन मिशनरी राल्फ कीथान यांना गांधींच्या वर्तुळातल्या एका इंग्रज पाहुण्याला घरी ठेवल्यावरून देश सोडावा लागला. त्यांचं मिशन 'अमेरिकन बोर्ड' या मिशन संस्थेचं, सोलापूरचंही तिचंच.

त्यामुळे 'आपल्याकडे सत्ता नाही, मग धोका कसला' हे मला पटत नाही. धर्म आणि राज्य एकत्र बांधलं की राज्य गेल्यावरही गाठ धर्माच्या गळ्यात राहते. इथल्या ख्रिस्ती माणसाने राज्य कधी केलं नाही, पण टोमणे अजून तोच खातो.

शेंगाचटणी

हे माहीत नव्हतं. प्रार्थनेचं तर अजिबातच. मागे घेतो, गोळी द्या.

कडक भाकरी

जर्मनीचं उदाहरण सगळे देतात, पण 'हिटलर आला आणि चर्च बिघडलं' एवढ्यावर गाडी थांबते. ते टप्प्याटप्प्याने झालं आणि टप्पे माहीत असणं उपयोगाचं आहे.

जुलै १९३३ मध्ये प्रोटेस्टंट चर्चच्या निवडणुका झाल्या. 'जर्मन ख्रिस्ती' नावाच्या गटाने त्या मोठ्या बहुमताने जिंकल्या. कमिट्या मतदानाने, नियमाप्रमाणे हातात आल्या, हे महत्त्वाचं. सप्टेंबरात प्रशियाच्या सिनडने (चर्चच्या प्रतिनिधी सभेने) ठराव केला की ज्यू वंशाच्या माणसाला पाळक (धर्मगुरू) राहता येणार नाही. बाप्तिस्मा झालेला असला तरी. इथे बाप्तिस्म्यापेक्षा रक्त मोठं ठरलं. त्याच महिन्यात लुडविग म्युलर राइश-बिशप (सगळ्या जर्मनीचा बिशप) झाला. १३ नोव्हेंबरला बर्लिनच्या स्पोर्टपालास्टमध्ये सभा झाली आणि वक्त्याने जुना करारच काढून टाका अशी मागणी केली. तेव्हा बरेच जण दचकले. पण उशीर सप्टेंबरातच झाला होता. १९३९ मध्ये आयझेनाखला ज्यू प्रभाव पुसण्यासाठी संस्थाच निघाली, गीतांमधून 'हालेलूया' आणि 'सियोन' हे शब्द उडाले.

क्रम बघा: आधी कमिटी, मग सभासदत्वाची अट, मग शास्त्र, शेवटी गाणी. शास्त्रावर हात पडेपर्यंत थांबलेल्यांच्या हातात कमिटी उरलेली नव्हती.

विरोध करणाऱ्यांनी २९ ते ३१ मे १९३४ ला बार्मेन गावी जाहीरनामा केला, सहा कलमांचा. मसुद्यात मोठा वाटा धर्मशास्त्राचे प्राध्यापक कार्ल बार्थ यांचा. पुढच्या वर्षी हिटलरशी बिनशर्त निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिल्याने त्यांची प्राध्यापकी गेली. पण बार्मेनला डोक्यावर घेऊन नाचू नका. त्यात ज्यूंबद्दल एक शब्द नाही, आणि बार्थनी पुढे ती आपली चूक मानली. चर्चचं स्वातंत्र्य वाचवताना शेजारी राहून गेला.

शेंगाचटणी

मग एक उलटा प्रश्न. झेंड्यापासून लांब राहायचं, पक्षापासून लांब राहायचं, तर अन्यायाबद्दल बोलायचं की नाही? हिटलरला विरोध करणारे जर्मन पाळक बोनहोफर यांना ९ एप्रिल १९४५ ला फाशी झाली ती राजकारणामुळेच ना? की मंडळीने गप्प बसून गीतं म्हणायची?

कंदील

चांगला प्रश्न, आणि बार्मेनचं पाचवं कलम याच्यासाठीच वाचावं. राज्याला न्याय आणि शांतता राखायचं काम देवाने दिलं आहे, हे ते मान्य करतं. मग दोन गोष्टी नाकारतं. राज्याने माणसाच्या सगळ्या जीवनाची एकमेव व्यवस्था व्हायचं नाही. आणि चर्चने राज्याचं काम नि राज्याचा रुबाब उचलून राज्याचं अंग व्हायचं नाही. कुंपण दोन्हीकडून घातलं आहे.

न्यायाबद्दल बोलणं हे राज्याला त्याच्या कामाची आठवण देणं आहे. नाथान संदेष्टा दाविद राजाला त्याचा अन्याय दाखवायला समोर उभा राहिला तसं. नाथानाला दाविदाची गादी नको होती. राष्ट्रवादाला गादीच हवी असते, किंवा गादीच्या शेजारची खुर्ची.

घरगुती कसोटी: जे वाक्य आपण आज विरोधात असताना म्हणतो, तेच आपल्या पसंतीचं सरकार आल्यावर म्हणू का? नसेल तर उपदेश कुठल्या कार्यालयातून आला ते ओळखा.

झांबियाचं बघा. १९९१ मध्ये अध्यक्ष चिलुबांनी देश ख्रिस्ती राष्ट्र म्हणून जाहीर केला, १९९६ मध्ये ते घटनेच्या प्रास्ताविकेत गेलं. पुढे त्यांच्यावरच भ्रष्टाचाराचे खटले चालले. अशा वेळी चर्चने बोलायचं कोणत्या तोंडाने? घोषणा झाली तेव्हा टाळ्या वाजवलेल्या असतात.

विडी घरकुल

एक बाजू राहिली. राष्ट्रवाद देशाचाच असतो असं नाही, भाषेचा आणि जातीचाही असतो.

दक्षिण आफ्रिकेत डच रिफॉर्म्ड चर्चच्या १८५७ च्या सिनडने ठरवलं: गोऱ्या-काळ्यांनी एकत्र प्रभुभोजन घेणं हेच शास्त्राला धरून आहे, पण 'काहींच्या दुर्बलतेमुळे' वेगळं घ्यायला हरकत नाही. एक सवलत, तीसुद्धा माफी मागत दिलेली. १८८१ मध्ये गोरे नसलेल्यांसाठी वेगळं चर्च निघालं. १९४८ नंतर वर्णभेद हे सरकारी धोरण झालं आणि त्याला शास्त्राधार देणारे पाळक तयारच होते. त्या वेगळ्या काढलेल्या चर्चनेच १९८२ मध्ये वर्णभेद नाकारणारं बेलहार विश्वासपत्र लिहिलं आणि १९८६ मध्ये स्वीकारलं.

सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड उपासना वेगळ्या असणं यात चूक काही नाही. माणसाने आपल्या भाषेत प्रार्थना करावी, शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या पेन्टेकॉस्टच्या दिवशी तेच झालं. पण मेज एक राहतंय का ते तपासत राहा. तपासायच्या जागा ठरलेल्या: वर्षातून किती वेळा सगळ्या भाषांचं प्रभुभोजन एकत्र होतं, कमिटीत सगळ्या भाषांचे लोक आहेत का, लग्नं जुळताना भाषेआड जात येते का, कबरस्तानात वेगळ्या रांगा आहेत का. या चारांत गडबड असेल तर झेंडा आत की बाहेर यावर दोन तास वाद घालणं म्हणजे घरात गळती असताना अंगणात रांगोळी.

गड्ड्यावरचा

मी ख्रिस्ती नाही, पण धागा वाचतोय. सरळ विचारतो, राग नसावा. हे सगळं वाचून कुणी म्हणेल की ख्रिस्ती लोकांना राष्ट्रगीत नको. तसं आहे का? आणि रेव्हरंड (कवी ना. वा.) टिळकांनी तर देशभक्तीच्या कविता लिहिल्या, त्यांचं काय?

वकीलबुवा

राग कसला. तसं नाही. भारतातल्या जवळपास सगळ्या ख्रिस्ती मंडळ्या राष्ट्रगीत म्हणतात. ज्या खटल्यावरून हा समज आहे तो केरळचा. १९८५ मध्ये यहोवाचे साक्षीदार पंथातल्या तीन भावंडांना शाळेतून काढलं, कारण राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहत पण म्हणत नसत. हा पंथ इतर ख्रिस्ती मंडळ्यांपेक्षा शिकवणीने वेगळा आहे. ११ ऑगस्ट १९८६ ला सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला: आदराने उभं राहिलं की अनादर होत नाही, आणि म्हणायलाच हवं असा कायदा नाही.

आलोच आहे तर निवडणुकीचंही सांगतो. धार्मिक संस्था (गैरवापर प्रतिबंध) कायदा १९८८ प्रमाणे प्रार्थनास्थळाची जागा, तिथला निधी किंवा तिथले कार्यक्रम राजकीय कामासाठी वापरता येत नाहीत. मंदिर, मशीद, गुरुद्वारा, चर्च सगळ्यांना लागू. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. जबाबदार धरतात ते व्यवस्थापन पाहणाऱ्यांना, म्हणजे 'पाळकसाहेब बोलले, आम्हाला काय माहीत' हे कमिटीला पुरत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३: धर्माच्या नावावर मत मागणं भ्रष्ट आचरण आहेच, शिवाय उमेदवाराच्या बाजूने 'याला मत दिलं नाही तर देवाचा कोप होईल' असं मतदाराला पटवणं हाही गैरवाजवी दबाव ठरतो. उमेदवार आला तर त्याला बाकावर बसू द्या. माईक देऊ नका.

दुपारची शिफ्ट

टिळकांबद्दल. त्यांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग, ओवी, भजन आणलं, देशावर कविता केल्या, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही यावेत अशी कल्पना होती. त्यांनी धर्माची भाषा देशी केली. देशाला देव केलं नाही. टाळ-मृदंगावर ख्रिस्ताचं भजन म्हणायला तिरंग्याची परवानगी लागत नाही आणि इंग्रजांचीही लागत नव्हती.

घटना समितीचीही आठवण असू द्या. तिचे उपाध्यक्ष एच. सी. मुखर्जी बंगाली ख्रिस्ती होते, अल्पसंख्याक उपसमितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडेच. १९४९ मध्ये धर्मावर आधारित राखीव जागा सोडून देण्याच्या बाजूने ते उभे राहिले. मतपेटीपाशी आम्ही नागरिक म्हणून येऊ, असा त्याचा सरळ अर्थ.

नवीपेठकर

मग २०२७ च्या सकाळचा आराखडा असा मांडतो. तोडा-मोडा.

७:३० ला आवारात झेंडावंदन, रिकाम्या टोकाच्या खांबावर. राष्ट्रगीत ५२ सेकंद. शेजारच्यांनाही बोलवायचं, हा सगळ्यांचा सण आहे. ७:५० ला घंटा. लोक आत येतात, झेंडा बाहेर राहतो. ८ ला उपासना. पाठ त्या रविवारच्या नेमलेल्या वाचनांतलेच, मुद्दाम बदलायचे नाहीत. उपदेशात देशाचा उल्लेख पाठातून निघाला तर घ्यायचा, नाहीतर नाही.

मध्यस्थीच्या (इतरांसाठी करायच्या) प्रार्थनेला सहा-सात मिनिटं. १ तीमथ्य २:१-२ प्रमाणे राष्ट्रपती, पंतप्रधान, मुख्यमंत्री, महापौर यांच्यासाठी, पदाने, नाव न घेता. त्यालाच जोडून विरोधी पक्षांसाठी, न्यायाधीशांसाठी, खटला न चालता तुरुंगात असलेल्यांसाठी. सीमेवरच्या जवानांसाठी, आणि सीमेपलीकडच्या मंडळीसाठीही. यिर्मया २९:७ ('ज्या नगरात आहात त्याचं हित पाहा') घेऊन सोलापूरसाठी: पाणी, यंत्रमाग, विडी कामगार बाया. आणि पापाच्या कबुलीची प्रार्थना आधी, आभाराची नंतर.

शेंगाचटणी

'सीमेपलीकडच्या मंडळीसाठी' यावर कमिटीत आवाज चढणार बघा.

कंदील

चढू दे. पाकिस्तानात पंजाबी बोलणाऱ्या ख्रिस्ती वस्त्या आहेत, त्या रविवारी त्याही प्रभुभोजन घेतात. त्यांचा स्वातंत्र्यदिन आदल्या दिवशी, १४ ऑगस्टला. ती ओळ काढायची तर मग प्रकटीकरण ७:९ (सर्व राष्ट्रांचे लोक देवाच्या सिंहासनापुढे एकत्र उभे आहेत ते वचन) पण त्या दिवशी वाचू नका.

वकीलबुवा

आराखड्याला कायद्याची हरकत नाही. एकच: ८ ची उपासना ९:३० पर्यंत चालेल, ज्यांना शासकीय समारंभाला जायचंय त्यांना ८:३५ च्या आत सुटता येणार नाही. उपासना ९:४५ ला ठेवली तर दोन्ही जमतं. आणि झेंडा त्याच संध्याकाळी उतरवणार असाल तर चढवताना झपकन, उतरवताना सावकाश. किल्ली कुणाकडे ते आधी ठरवा.

विडी घरकुल

९:४५ ला तिन्ही भाषांची मिळून एकच उपासना ठेवा की मग. मेज एकच लागेल.